चाळीस सेकंद, तीन नद्या आणि शेफालीदी

फेल्डहोवन या आमच्या डच गावाहून लायडनला गाडीने दीड तास लागतो. मी दोन दिवस लावले. सायकलने गेलो, आणि दोन्ही दिवस वारा समोरून. "एवढा अट्टाहास कशाला?" असं माझ्या बायकोने, सुनीताने विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "तिथे बोलायचं काय ते ठरवायला वेळ पाहिजे." ती डबा भरता भरता म्हणाली, "बोलायचं ते तुमचं कधीच ठरलंय. धीर गोळा करायला वेळ पाहिजे, असं म्हणा."

खरं होतं.

आधी मागची गोष्ट सांगतो. शेफालीदी या बंगाली दिग्दर्शिका आणि लेखिका गेल्या हिवाळ्यात वारल्या. नऊ सिनेमे, मुलांसाठी अकरा पुस्तकं आणि स्वतःच्या कामावर लिहिलेलं एक जाड आत्मकथन एवढं त्यांचं काम. देशातला मोठा पुरस्कार दोनदा मिळाला, परदेशातले किती ते मला माहीत नाही. लायडनमध्ये संशोधन करणाऱ्या प्राजक्ता नावाच्या मराठी मुलीने आणि तिच्या विद्यार्थी मित्रांनी त्यांचे दोन सिनेमे दाखवायचं ठरवलं. शनिवारी लायडनला देवळातल्या म्हातारीचा, रविवारी फोरबर्गला मुलांचा. या ब्लॉगवर मी शेफालीदींबद्दल पूर्वी लिहिलं होतं, म्हणून तिने विचारलं, "काका, शनिवारी सिनेमाआधी दहा मिनिटं बोलाल का?" मी हो म्हणून बसलो.

दोन दिवसांनी आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर चाळीस सेकंदांची एक क्लिप आली. एक म्हातारी देवापुढे पाण्याचा चौकोन काढून त्यावर नैवेद्याचं ताट ठेवते. दारातून एक कुत्रा आत येतो. म्हातारी ताटातला पहिला घास मोडते आणि देवाच्या आधी कुत्र्याला घालते. क्लिप तिथेच संपते. खाली लिहिलं होतं, 'आपल्या देवाची ही थट्टा आता लायडनमध्ये दाखवणार. आपलेच लोक मदत करतायत.'

आपलेच लोक म्हणजे मी.

संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष अविनाशराव यांचा फोन आला. माणूस चांगला आहे. मी या देशात नवा होतो तेव्हा नगरपालिकेचे कागद त्यांनीच शेजारी बसून भरून दिले होते. ते म्हणाले, "दत्ता, तू तिथे बोलायला गेलास तर यंदा गणपतीच्या पूजेला तुला बसवणं मला जड जाईल. लोक ऐकायचे नाहीत."

मंडळाच्या गणपतीची प्रतिष्ठापना नऊ वर्षं मी करतोय. चिपांची मशिनं बनवणाऱ्या कंपनीत मी जे काम करतो ते माझ्या आईला कधी समजलं नाही, पण परदेशात पोरगा गणपतीच्या पूजेला बसतो हे तिने अख्ख्या गावाला सांगितलं. आमचं घर गुरवाचं. भैरोबाच्या देवळात झाडलोट, घंटा, दिवाबत्ती आमच्याकडे, आणि लोकांनी आणलेल्या नैवेद्याचा शेष हे आमचं जेवण. तेव्हा नैवेद्य म्हणजे काय हे मला ग्रुपवरून शिकायचं नव्हतं. पण पूजेचा तो पाट मला हवा होता. हे इथेच लिहून टाकतो.

शुक्रवार: फेल्डहोवन ते खोरिंखेम, साधारण पंचाहत्तर किलोमीटर

सकाळी सातला देवाला हात जोडून निघालो. माझी सायकल साधी, सात गिअरची, बॅटरी नाही. ज्यांना असा प्रवास करायचा आहे त्यांच्यासाठी सांगतो: नकाशाच्या नादी फार लागू नका. इथे सायकलच्या वाटा जिथे मिळतात त्या प्रत्येक जागेला नंबर दिलेला असतो आणि हिरव्या-पांढऱ्या पाट्यांवर पुढचा नंबर दिसतो. आदल्या दिवशी नंबर कागदावर क्रमाने लिहायचे, कागद हँडलला चिकटवायचा, की झालं. मी कागदाला प्लास्टिक लावलं नाही. ते लावा.

ऑयर्सखॉटच्या चौकात मोठ्या चर्चसमोर पहिली कॉफी घेतली. तिथून पुढे पाईनची झाडं, मक्याची शेतं, गाईंचा वास. वाटेत पाणी मिळेल, पण जेवायला काही मिळेलच असं नाही, म्हणून डबा घ्याच. माझ्याकडे दशम्या, तिळाची चटणी आणि गुळाचा खडा होता. हॉयस्डन हे जुन्या तटबंदीचं टुमदार गाव आहे. तटावर बसून मी जेवलो. एक आजोबा थांबून चटणीकडे बघत होते, त्यांना थोडी दिली. खाल्ली, डोळे पुसले, अंगठा वर केला आणि निघून गेले.

गावाजवळच्या पुलावरून मास नदी ओलांडली आणि वारा सुरू झाला. या देशात चढ नाहीत म्हणून लोक खूश असतात. चढाला निदान शेवट असतो. समोरच्या वाऱ्याला तोही नसतो. मान खाली घालून पाय मारायचे, एवढंच. मारता मारता मनात शेफालीदींचं आयुष्य चालू होतं, कारण दहा मिनिटांत ते सांगायचं होतं.

त्यांचे वडील जत्रेतल्या नाटक मंडळीत दिवे सांभाळायचे. मुलगी कलकत्त्याच्या स्टुडिओत कामाला लागली ती टिपणं ठेवायला: कुठल्या शॉटमध्ये पदर कुठल्या खांद्यावर होता, कंदील किती जळला होता, असली टिपणं. दिवसा हे काम, आणि सकाळी लवकर उठून मुलांच्या मासिकासाठी गोष्टी. त्यातल्याच एका गोष्टीचा पहिला सिनेमा झाला. तो आठवडाभर चालला आणि उतरला. तिसऱ्या सिनेमापासून लोक त्यांना ओळखायला लागले.

त्यांची एक रीत होती. शूटिंगच्या आधी सगळ्या युनिटला जमिनीवर बसवून त्या पूर्ण गोष्ट वाचून दाखवायच्या. नट, कॅमेरावाला, दिवेवाला आणि जेवण करणारा आचारीसुद्धा. आचाऱ्याने जांभई दिली की ते पान पुन्हा लिहायचं. दुसरी रीत अशी, की पूजा किंवा आरती कधी नटांकडून करवून घ्यायची नाही. खरी होत असेल तेव्हा उंबऱ्याबाहेर कॅमेरा ठेवून थांबायचं. मिळालं तर मिळालं. 'देवाला पुन्हा एकदा करा म्हणून कसं सांगणार?' असं त्या विचारायच्या.

वाउड्रिखमच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा चार वाजले होते. इथून पलीकडे खोरिंखेमला छोटी होडी जाते. सायकलसकट दोन-तीन युरो पडतात. वाल नदी इथे नाव बदलून मेरवेडे होते, पाणी चांगलं रुंद आहे. होडीची वाट बघत होतो तेवढ्यात अविनाशरावांचा फोन.

"कुठे पोचलास?"

"नदीवर."

"ऐक. मी मार्ग काढलाय. तू जा, बोल, सगळं कर. फक्त ते चाळीस सेकंद दाखवताना गाळा. प्राजक्ता तुझं ऐकेल. सिनेमा दोन तासांचा आहे रे, चाळीस सेकंदांनी काय बिघडतंय? मी ग्रुपवर टाकतो की आक्षेपार्ह भाग काढला. सगळे गप्प बसतील. पूजा तुझी तुझ्याकडे."

होडी आली. मी म्हणालो, "रात्रीपर्यंत कळवतो."

हे सांगायला लाज वाटते, पण लपवत नाही. नदीच्या मध्यावर मला वाटलं, खरंच, चाळीस सेकंदच तर आहेत.

उतरल्यावर सुनीताला फोन केला. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "पूजा गेली तर गेली हो. पण एक विचारते. तुम्हाला देवाजवळ बसायची सवय झालीय की सगळ्यांच्या पुढे बसायची?"

मी फोन खिशात ठेवला आणि सायकल हातात धरून चालत गेलो.

सायकलवाल्यांना घरातली खोली देणाऱ्या लोकांची इथे यादी असते, त्यातून एक घर निवडलं होतं. न्याहारीसकट पस्तीस युरो. मालकीणबाई ऐंशीच्या जवळपास. मी त्यांना डच रितीने मेव्राउ, म्हणजे बाईसाहेब, म्हणत होतो. त्यांनी वाटाण्याचं घट्ट सूप केलं होतं, माझ्यासाठी मांस न घालता. जेवायच्या आधी मी डोळे मिटले, उघडले, तर त्यांचेही मिटलेले होते. मग बोलणं निघालं. माझे वडील देवळात घंटा वाजवायचे म्हटल्यावर त्यांनी चमचा खाली ठेवला.

"माझेही! चर्चमध्ये. इथून दोन गावं पलीकडे."

मी त्यांना कुत्र्याची गोष्ट सांगितली. पूजा, पाट, चाळीस सेकंद, सगळं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे रविवारी सायकल चालवणंही पाप होतं. माझ्या भावाला ताप भरला तेव्हा वडील रविवारी सायकलवरून डॉक्टरला आणायला गेले. चर्चमधले लोक कित्येक आठवडे त्यांच्याशी बोलले नाहीत."

"मग काय झालं?"

"काय व्हायचं? डॉक्टर आला ना." आणि त्यांनी मला आणखी सूप वाढलं.

जेवण झाल्याबरोबर मी अविनाशरावांना लिहिलं, 'गाळणार नाही. उद्या तीन वाजता आहे. तुम्हीच या आणि पूर्ण बघा.'

शनिवार: खोरिंखेम ते लायडन, आणि पुढे फोरबर्ग

न्याहारीला पाव, लोणी आणि त्यावर चॉकलेटचे बारीक तुकडे. इथली मोठी माणसंसुद्धा हे खातात, आधी नवल वाटायचं, आता मीही खातो. साडेसहाला निघालो. कालवे, गवत, गवतात उभे बगळे. स्खोनहोवनला लेक नदी, पुन्हा होडी, एक-दीड युरो. ही तिसरी नदी. होडीवर माझ्या कागदावर पाऊस पडला आणि सगळे नंबर विरघळले. पुढे गौडापर्यंत विचारत विचारत गेलो. गौडाच्या बाजारात गरम स्ट्रोपवाफल मिळतं, दोन पातळ बिस्किटांमध्ये गुळासारखा पाक. उभ्यानेच खावं, बसून गार होऊ देऊ नये.

लायडनला एक वाजता पोचलो. विद्यापीठाच्या स्वच्छतागृहात तोंड धुतलं, धुतलेला सदरा घातला, कपाळाला बुक्का लावला. प्राजक्ता दारात उभी होती. चेहरा उतरलेला.

"काका, मला पण खूप मेसेज आलेत. एकाने लिहिलंय की आईवडिलांना विचारू, मुलीला हेच शिकायला पाठवलं का."

"मग? रद्द करायचं का?"

"वेडे आहात का काका?" ती म्हणाली. "खुर्च्या लावायला मदत करा."

साठेक माणसं आली. विद्यार्थी, काही डच मंडळी, थोडे बंगाली, मराठी जेमतेम दहा. फोरबर्गचा माझा मित्र मिलिंद पहिल्या रांगेत. तीनला दोन मिनिटं असताना मागचं दार उघडलं आणि अविनाशराव आत आले. ते शेवटच्या खुर्चीवर बसले, जाकीट न काढता.

मी लिहून आणलेला कागद काढलाच नाही. इंग्रजीत बोललो, जसं येतं तसं. इथे मराठीत देतो.

"मी बारा वर्षांचा असताना आमच्या ग्रामपंचायतीत एक टीव्ही होता. रविवारी दुपारी त्यावर दुसऱ्या भाषांतले सिनेमे लागायचे. बंगाली ऐकून सगळं गाव उठून जायचं. हा सिनेमा लागला त्या दिवशी फक्त मी आणि माझे वडील उरलो, कारण पडद्यावर देऊळ दिसत होतं. भाषा आम्हाला कळत नव्हती, खालची इंग्रजी अक्षरंही नाही. मग तो कुत्रा आला आणि म्हातारीने त्याला घास घातला. आप्पा, माझे वडील, म्हणाले, ही बाई गुरवाच्या घरातली दिसते. कारण आप्पा रोज हेच करायचे. देवळाच्या पायरीवर एक खरजुलं कुत्रं असायचं. कुणाचं लक्ष नसताना आप्पा ताटातल्या भाकरीचा कोपरा मोडून त्याला टाकायचे आणि मग ताट आत न्यायचे. मी एकदा विचारलं, आप्पा, आधी देवाला नको का? ते म्हणाले, देवाला थांबता येतं. कुत्र्याला येत नाही."

मग मी त्या चाळीस सेकंदांची गोष्ट सांगितली, जी शेफालीदींनी आत्मकथनात लिहिली आहे. ती म्हातारी नटी नव्हती. नदीकाठच्या एका देवळाची खरीच राखणदारीण होती. कॅमेरा नेहमीप्रमाणे उंबऱ्याबाहेर होता. कुत्रा कुणी सोडलेला नव्हता, तो रोजचाच होता. सिनेमा तयार झाल्यावर तेव्हाही लोक चिडले होते. तेव्हाही तेच सांगितलं गेलं, तेवढा तुकडा काढा, मग दाखवा. शेफालीदी म्हणाल्या, 'तो घास मी दिलेला नाही. मग तो काढून घेणारी मी कोण?' सिनेमा दोन वर्षं डब्यात पडून राहिला. त्या दोन वर्षांत त्यांनी मुलांची तीन पुस्तकं लिहिली. मग प्रकरण कोर्टात गेलं, तिथे एका न्यायाधीशाने पूर्ण सिनेमा बघायचा आग्रह धरला आणि तो जसाच्या तसा बाहेर आला. देशातला मोठा पुरस्कार त्यांना पहिल्यांदा मिळाला तो याच सिनेमाला.

"आणि आता माझ्या मराठी भावांसाठी," मी मागे बघत म्हणालो. "आमच्याकडे एका संताची गोष्ट आहे. कुत्रा पोळी घेऊन पळाला, तर संत तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नका देवा म्हणत. गेल्या वर्षी आमच्या मंडळात मुलांनी हीच गोष्ट नाटकात केली. माझी मुलगी गौरी कुत्रा झाली होती. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिची शेपटी आमच्या अध्यक्षांनी स्वतः बांधली होती. ती घट्ट बसावी म्हणून त्यांनी स्वतःच्या बुटाची नाडी काढून दिली होती."

लोक हसले. अविनाशराव हसले नाहीत, पण त्यांनी जाकिटाची चेन उघडली.

सिनेमा सुरू झाला. क्लिपमध्ये जे नाही ते सांगतो. घास घातल्यावर म्हातारी उरलेलं ताट झाकते आणि देवासमोर बसून राहते, बराच वेळ, काही न बोलता. तिने स्वतः दोन दिवस खाल्लेलं नाही हे आपल्याला आधीच्या प्रसंगातून माहीत असतं. ती ताटाला हात लावत नाही. मग नदीला पूर येतो, गावकरी तिलाच बोल लावून देवळाबाहेर काढतात, आणि शेवटी पाणी ओसरल्यावर बंद दारासमोर तो कुत्रा बसलेला असतो. सभागृहात कुणीतरी हुंदका दिला. मी मागे वळून बघितलं नाही.

संपल्यावर अविनाशराव माझ्याकडे आले. डोळे लाल होते.

"चांगला आहे रे सिनेमा," ते म्हणाले. "आई आठवली."

"मग एवढंच ग्रुपवर लिहा, अविनाशराव. बघितला, चांगला आहे. दोन शब्द."

"मला पटलं, दत्ता. पण मंडळ म्हणजे मी एकटा नाही. तीन कुटुंबं वर्गणी थांबवू म्हणतायत. हॉलचं बुकिंग झालंय. तू समजून घे."

"मी समजून घेतो. तुम्ही लिहा."

"बघतो," असं म्हणून ते गाडीकडे गेले. जाताना मला म्हणाले, "सायकल मागे टाकून सोडू का घरी? वारा फार आहे." मी नको म्हणालो. एखाद्यावर रागवावं आणि त्याने असं विचारावं, यासारखी पंचाईत नाही.

मिलिंद आणि मी फ्लीट कालव्याच्या कडेने फोरबर्गला निघालो. पंधराएक किलोमीटर, सगळी वाट पाण्यालगत. होड्या बांधलेल्या, खिडक्यांत जिरेनियमची फुलं, आणि पहिल्यांदाच वारा जरा बाजूने. हा टप्पा लहान मुलांना घेऊनही करता येईल. मिलिंद इथे आयटीत आहे. त्याच्या घरी बुद्धवंदना होते, माझ्या घरी आरती, आणि गेली दहा वर्षं आम्ही एकमेकांना यावरून चिडवतोय.

"गुरवा, तुझ्या नावातच गडबड आहे," तो पेडल मारता मारता ओरडला. "दत्ताच्या पायाशी चार कुत्री. तरी तुझ्याच लोकांना कुत्रा चालत नाही!"

"हे तिथे का नाही सुचलं मला?"

"कारण देव तुझा आहे आणि डोकं माझं."

घरी त्याने पिठलं-भात केला. ताटं मांडून तो समोर बसला. चेष्टेचा सूर गेला होता.

"तुझ्या आप्पांचं वाक्य चांगलं आहे, दत्ता. पण मला तो सीन वेगळा दिसतो. माझी आजी तुमच्या देवळासारख्याच एका देवळाबाहेर उभी असायची. आत जायची मुभा नव्हती. कुत्रा आत जायचा. आधी देवाला, मग गुरवाला, मग कुत्र्याला, आणि उरलं तर लांबून आजीच्या पदरात. तुझ्या आप्पांनी कुत्र्याला आधी घातलं, भलं केलं. पायरीखाली कोण उभं होतं ते बघितलं का?"

आमच्या पायरीखालीही माणसं उभी असायची. मला त्यांचे चेहरे आठवतात. त्यांच्या पदरात लांबून टाकणारे हात आमच्याच घरातले होते, आणि दोन-चार वेळा माझेही. दिवसभर मी नैवेद्याचा जाणकार म्हणून मिरवलो होतो.

"नाही बघितलं," मी म्हणालो.

"बरं," मिलिंद म्हणाला. "पिठलं घे. आज तू पहिला."

रविवार: फोरबर्ग आणि परत

सकाळी वस्तीच्या सभागृहात मुलांचा सिनेमा होता. शेफालीदींच्या रितीप्रमाणे प्राजक्ताने आधी सगळ्यांना जमिनीवर बसवून मूळ गोष्ट वाचून दाखवली. वाचली मराठी भाषांतरातून, आणि मधे मधे इंग्रजीत. गोष्ट आहे हरवलेल्या होडीची. एक चिमुरडी डचमध्ये म्हणाली, "कंटाळा आला." सगळ्या आया दचकल्या. प्राजक्ता मात्र हसली आणि ते पान सोडून पुढे गेली. सिनेमा लागला तेव्हा तीच चिमुरडी पडद्याजवळ सरकून बसली होती.

परतीला ट्रेन घेतली. शनिवार-रविवारी सायकल ट्रेनमध्ये कधीही नेता येते. इतर दिवशी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत नेता येत नाही. सायकलचं वेगळं तिकीट, आठेक युरो. हेगहून आइंटहोवन थेट गाडी आहे, तिथून घर आठ किलोमीटर. वारा पाठीशी होता. ज्या दिवशी गरज नाही त्या दिवशी असतोच.

दारात गौरी उभी होती. बारा वर्षांची आहे. मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते.

"बाबा, डिड यू विन?"

"माहीत नाही गं."

"आई सेज यू लॉस्ट द पूजा."

"हो."

तिने थोडा विचार केला. "बट द डॉग स्टेड इन?"

"हो. कुत्रा राहिला."

"ओके देन," ती म्हणाली आणि सायकलला कुलूप लावायला गेली.

या गोष्टीला आता दोन आठवडे झाले. अविनाशरावांनी ग्रुपवर ते दोन शब्द लिहिले नाहीत. यंदाची पूजा पुण्याचे एक गुरुजी व्हिडिओ कॉलवरून सांगणार आहेत, असा निरोप आला. मी चिडलो, मग देवघरात बसून सुनीताच्या प्रश्नाचं उत्तर शोधलं. थोडी सवय सगळ्यांच्या पुढे बसायचीच होती. ती मोडली तर बरंच आहे. पण गणपती कुणी माझ्याकडून काढून घेतलेला नाही. मी त्या दिवशी हॉलमध्ये जाणार आहे. दाराशी, चपलांजवळ उभा राहून घंटा वाजवणार आहे. गुरवाला घंटा वाजवायला परवानगी लागत नाही. आणि दारातून जो येईल, माणूस असो की आणखी कुणी, त्याला आधी वाट देणार आहे. मिलिंदलाही बोलावलंय. येतो म्हणाला, पण पूजेसाठी नाही, जेवणासाठी.

प्रवासाचं विचाराल तर करा. मे ते सप्टेंबर चांगला. वारा समोरून असणार हे गृहीत धरा, तीन नद्या दोन होड्यांनी आणि एका पुलाने पार होतात, आणि नंबरांच्या कागदाला प्लास्टिक लावा.

ही पोस्ट टाकण्याआधी मी अविनाशरावांना वाचायला पाठवली. त्यांचं नाव त्यात आहे, तेवढा हक्क त्यांचा. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'छान लिहिलंयस. माझ्याबद्दल लिहिलंस त्याला हरकत नाही. फक्त आप्पांनी देवाच्या आधी कुत्र्याला घास टाकला तो भाग आणि मिलिंदच्या आजीचा भाग काढ. एवढंच. बाकी सगळं ठेव.'

दोन्ही वर आहेत, जिथे घडले तिथेच.